शांताक्काची तारीख

शांताक्का नव्या माणसाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. "किती साल झाले?" एवढंच विचारते. बीदरच्या कोर्टाच्या आवारात या प्रश्नाचा एकच अर्थ होतो: घटस्फोटाचा दावा लावून किती वर्षं झाली?

मला तिनं हे विचारलं तेव्हा मी धाकट्या बहिणीला, सुजाताला, घेऊन पहिल्यांदाच तिथं गेलो होतो. मी बसवकल्याणला शाळामास्तर. रोज हजेरी घेणारा माणूस. आपला पुकारा होईपर्यंत ताटकळायची सवय नव्हती. लिंबाखालच्या बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. तिनं सरकून सुजाताला जागा दिली.

"आजच लावायचाय," मी म्हणालो.

"मग बसा की मास्तर. लई टाइम हाय." मी मास्तर आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "दोघं बी राजी हाव?"

"व्हय."

"लेकरं?"

"न्हाईत."

"मामा किती आलेत?"

सुजाताच्या नवऱ्याकडचे तीन मामा फाटकापाशी हाताची घडी घालून उभे होते. शांताक्कानं डोळे बारीक करून त्यांच्याकडं पाहिलं. आभाळाकडं बघून पेरणीचं सांगावं तसं म्हणाली, "धा म्हयने."

आमच्या वकिलांनी सहा सांगितले होते. त्यांच्या भिंतीवर डिग्री होती, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

तिचा हिशेब साधा होता. दोघं राजी असले तर कायद्याचे सहा महिने. जज्जसाहेबांना वाटलं तर तेही माफ होतात. एक राजी आणि एक रुसलेला असला तर तीन सालं. लेकरू असलं तर ते कुणाकडं राहणार यावर आणखी दोन. समन्स चुकीच्या पत्त्यावर गेलं तर एक. जज्जसाहेबांची बदली झाली की नवे साहेब पहिल्या पानापासून वाचणार, त्याचे सहा महिने. "आन् मामा लोक बोलायला लागले की मोजूच नका. मामाला घरी काम नस्तंय."

सुजाताचं प्रकरण पुढं तसंच गेलं. एका तारखेला थोरल्या मामाला लग्नातली भांडी आठवली. दुसऱ्या तारखेला मधल्या मामाला समेट आठवला. धाकटा मामा काही बोलत नसे. तो फक्त सुजाताच्या नवऱ्याला घेऊन प्रत्येक वेळी उशिरा यायचा. सुजाता रडायला लागली की शांताक्का पिशवीतून ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढायची. "खा. रडाय बी ताकद लागत्येय." आमच्या आणि तिच्या तारखा बहुतेक एकाच दिवशी पडायच्या. पडत नसत तेव्हा ती त्या पाडून घ्यायची, असा मला संशय आहे.

तिची स्वतःची सालं होती नऊ.

नवऱ्याचं बीदरला टायरचं दुकान. त्याची म्हातारी आई गावी, मुडबीला, अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानंच शांताक्काला मुडबीच्या वाटेला लावलं. "चार दिवस बघून ये," म्हणाला. चार दिवसांचं वर्ष झालं. तेवढ्यात त्यानं बीदरला दुसरा संसार मांडला आणि बायको घर सोडून गेली म्हणून दावा लावला. बायको त्याच्याच आईच्या उशाशी बसलेली होती. पण अर्जात त्यानं तिचा पत्ता माहेरचा, कोहिनूरचा दिला. समन्स दोनदा कोहिनूरला जाऊन परत आलं. त्यात दीड साल गेलं.

उरलेली सालं मात्र शांताक्कानं स्वतः मिळवली होती. तिनं तीन वकील बदलले. दाव्याचे कागद कन्नडमध्ये होते. "मला कन्नड वाचाय येत न्हाई, मराठीत द्या," म्हणून तिनं अर्ज केला. हीच बाई बसची कन्नड पाटी लांबून वाचायची आणि कंडक्टरशी तासभर कन्नडात भांडायची. नवरा समोरून जाताना मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, बाई हट्टी आहे, नवऱ्याच्या शेतावर डोळा आहे. मीही मनात तेच म्हणायचो.

एकदा विचारलंच. "अक्का, तो नांदवणार न्हाई. मग सही कामून करत न्हाव?"

"कामून घाई करू? कोर्ट काय पळून जायलंय?"

दहाव्या महिन्यात सुजाताचा निकाल झाला. आम्ही पेढे घेऊन बाकापाशी गेलो. बाक रिकामा. तिच्या नावाचा पुकारा तीनदा झाला, कुणी आलं नाही. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं, असं शिपाई म्हणाला. सुजाताला करमेना. रविवारी आम्ही मुडबीला गेलो.

ओसरीवर माणसं बसलेली होती. म्हातारी चार दिवसांपूर्वी गेली होती. शांताक्का आत, उघड्या पलंगाशी बसून पाणी पाजायचा चमचा घासत होती. आम्हाला बघून उठली नाही.

"धा साल अंथरुणात व्हती, मास्तर. पाठीला एक जखम होऊ दिली न्हाई मी." तिनं चमचा उलटा करून पुन्हा घासायला घेतला. "सही केली असती तर मी ह्या घरची कोण? त्यो दुसरीला आणला असता न्हाईतर म्हातारीला तिकडं नेऊन टाकला असता. तिला माझ्या हातचंच पाणी उतरायचं."

सुजातानं तिच्या हातातून चमचा काढून घेतला आणि तिथंच तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी बाहेर येऊन उगीच चपला सरळ करत बसलो.

महिन्याभरानं शांताक्कानं मला कोर्टात बोलावून घेतलं. दोघांच्या राजीखुशीचा अर्ज करायचा होता. तिचे वकील म्हणाले, "आता तुमच्या अटी सांगा. पोटगी, घर, काय हवं ते बोला."

"आत्याबाईला, सासूला माझ्या, शेतात ठेवलंय. तिच्या समाधीला जायला मला कुणी आडवू नये. एवढं लिव्हा."

"हे असं अर्जात नसतं, अक्का."

"मग घाला."

वकिलांनी घातलं. वर पोटगीही घातली, ती तिनं नको म्हटली नाही. जज्जसाहेबांनी समाधीची ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि कायद्याचे सहा महिने माफ केले.

बाहेर व्हरांड्यात नवरा तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला. तो तिच्याशी बोललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"बांधाला काटेरी तार हाय," तो म्हणाला. "फाटक करून देतो."

"कोणत्या अंगाला?"

"तू सांगशील त्या."

"हिरीच्या अंगाला कर. पाणी घालायला जवळ पडतंय."

तो हो म्हणाला. मग ती कोहिनूरच्या बसकडं निघाली, भावाच्या घरी राहायला.