साडेचार फुटी तमाले

एकोणीस वर्षे मी टेक्ससमधल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवले. (तुरुंगात कसा आलो, हा स्वतंत्र विषय आहे, तिथेही आत्मविश्वासच नडला.) तेव्हा नूडल्स भिजवण्यात माझी चूक होणे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य होते!

आमच्या बराकीतला रोहेलिओ अकरा वर्षांची शिक्षा संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होता. रिवाजाप्रमाणे निरोपाचे जेवण ठरले: प्रत्येकाने तुरुंगाच्या कँटीनमधून घेतलेले काहीतरी द्यायचे आणि वाटेकरी व्हायचे.

"माझ्या आईसारखा तमाले करा रे!" रोहेलिओने फर्माईश केली.

त्याची आई हा मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ मक्याच्या पानांत वाफवते. आम्ही मक्याचे चिप्स आणि नूडल्स पिशवीत चुरतो, गरम पाणी ओततो आणि वळकटी करून पांघरुणाखाली ठेवतो. हे काम नेहमी म्हाताऱ्या ओडेलचे.

"काका, पाणी किती?" मी वही उघडून विचारले.

"पुरे वाटेल इतकं."

"हे मोजमाप नव्हे."

"मग तूच कर, मास्तर. आम्ही मजा बघतो!"

नूडल्सची बावीस पाकिटे जमली होती; मी एक भिजवून पाणी मोजले आणि त्याला बावीसने गुणले. ओडेल चौदा जणांसाठी चौदा पिशव्या वळणार होता. एकच मोठी वळकटी सावकाश निवते, हे मी त्याला सप्रमाण पटवून दिले. निष्पत्ती साडेचार फूट लांब झाली! उष्णता टोकांतून जास्त निसटते, म्हणून एका टोकाला मी रोहेलिओची लोकरी टोपी चढवली, दुसऱ्या टोकाला त्याचे मोजे. मग ती त्याच्याच खाटेवर आडवी केली आणि वर घोंगडी पांघरली.

चार वाजता मोजणी झाली. मोजणीत प्रत्येकाने खाटेशेजारी उभे राहायचे आणि तोंडातून अक्षर काढायचे नाही. सार्जंट प्रुइटबाई मोजत आल्या.

"चौदा... पंधरा? ए, झोपलायस काय? ऊठ!"

मी हात वर केला.

"मोजणी चालू आहे. गप्प!" त्यांनी घोंगडीवर हात ठेवला. "अरे देवा, अंग भाजतंय याचं! नर्सला बोलवा!"

नर्स धावत आली. तिने नाडीसाठी घोंगडी उचलली, टोपी काढली आणि मसाल्याचा वास घेऊन दोन पावले मागे सरली.

"खाटेत बाहुलं!" प्रुइटबाई गरजल्या. "म्हणजे पळून जायचा बेत! रोहेलिओ, तुझी सुटका स्थगित!"

"मॅडम, उद्या नऊला तुम्हीच मला दार उघडून देणार. मी आज कशाला पळू?"

"ते चौकशीत सांग."

"खायचा पदार्थ आहे हो तो!" मी ओरडलो.

"मग खाऊन दाखवा."

रोहेलिओने चमचा खुपसला. चमचा मोडला! मी बोटाने ठोकून पाहिले. दार वाजवल्यासारखा आवाज आला. चिप्ससुद्धा पाणी पितात, हा घटक माझ्या गणितात नव्हता. रोहेलिओ माझ्याकडे असा पाहत होता, जणू आणखी अकरा वर्षांची शिक्षा मीच ठोठावली आहे.

ओडेल शांतपणे पुढे आला. त्याने मगभर कढत पाणी ओतले, काकडीच्या लोणच्याचा खार शिंपडला, पाच मिनिटे थांबून एक कोपरा मोडला आणि रोहेलिओच्या तोंडात घातला.

रोहेलिओने चावला, पुन्हा चावला आणि मान मागे टाकून गिळला.

"अजून एक," प्रुइटबाई म्हणाल्या.

असे सात घास झाले. बाईंनी अहवालात लिहिले: "अन्नपदार्थ. धोका फक्त खाणाऱ्यास."

रोहेलिओ ठरल्या वेळी सुटला. तीन आठवड्यांनी त्याचे पत्र आले. "मास्तर, आईला तुमच्यासाठी मुद्दाम विचारलं, पाणी किती घालतेस. ती म्हणाली, पुरे वाटेल इतकं."

हे मोजमाप नव्हे, या मतावर मी आजही ठाम आहे. हल्ली ओडेलच्या हाताखाली मी फक्त चिप्स चुरतो.