डब्यात अडकलेली कवळी

“सर, डोक्यावर एवढी हवा आहे, तर आपण चपटे का होत नाही?”

हे विचारायची तिची छाती नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने उभं राहून खणखणीत विचारलं. वर्ग खिदळला, सर मात्र खूश झाले. आतली हवाही तेवढ्याच जोराने बाहेर ढकलत असते, म्हणून आपण शाबूत, असं त्यांनी समजावलं. ती घरी आली तीच हवेत तरंगत.

घरात मात्र सगळ्यांचे चेहरे उतरलेले. टेबलावर स्टीलचा डबा आणि त्यात आजोबांची कवळी. वाचनालयाच्या उद्घाटनाला आजोबांना न्यायला गाडी निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी भाषणाला बोलावलं होतं, आणि दात डब्यात. बाबांना जंतूंची भारी धास्ती. त्यांनी कवळीवर कढत पाणी ओतून झाकण गच्च दाबलं होतं. डबा निवला आणि झाकण काही हलेना.

आईने चमच्याने उचकटून पाहिलं, चमचा वाकला. मग बाबांनी डबा फ्रीजमध्ये ठेवला. थंडीने धातू आकसतो, हे त्यांचं शास्त्र. बाहेर काढला तर झाकण मधोमध खोल गेलेलं.

“आतल्या वाफेचं पाणी झालं,” दप्तर खाली टाकत ती म्हणाली. “आतून ढकलायला कोणी उरलंच नाही. बाहेरची हवा झाकण दाबून बसलीये. तापवा डबा.”

“आली शिकवायला. काठावर पास होतेस, विसरलीस का?” बाबा म्हणाले.

आजोबांनी डबा तिच्यापुढे सरकवला.

खाली हॉर्न वाजला. आईने पातेल्यात पाणी उकळलं, डबा त्यात ठेवला. सगळे पातेल्यावर वाकले. झाकण कुरकुरलं, खळगा टप्पकन वर आला आणि बाबांनी फडक्याने धरून फिरवताच उघडलं.

आजोबांनी कवळी गार करून तोंडात बसवली. वरचे दात एकीकडे, खालचे दुसरीकडे. उकळत्या पाण्याने कवळीचा आकारच बिघडला होता.

“माझं पाणी काही एवढं कढत नव्हतं,” बाबा कुणी न विचारताच म्हणाले.

पुन्हा हॉर्न. बरं नाही म्हणून कळवू या, असं आई हळूच सुचवू लागली. आजोबा कवळी काढून काहीतरी पुटपुटले. आईबाबांना एक अक्षरही कळलं नाही. ती मात्र खुदकन हसली; ते भाषणाचं पहिलंच वाक्य होतं. रोज आजोबांचा सराव ऐकून ऐकून तिला भाषण पाठ झालं होतं. तिने आजोबांची काठी आणून हातात दिली.

“आजोबा बोलणार,” ती आईबाबांना म्हणाली, “आणि मी शेजारी उभी राहून लोकांना सांगणार, ते काय म्हणाले ते. ठरलं. आई, तू चल. बाबा, तुम्हीही या. फक्त कशाला हात लावू नका.”