कोल्हापूरच्या शोरूमचे पडदे

शिमगा झाला की तिसऱ्या दिवशी शेजारच्या आक्का आमच्या घरी येतात आणि भिंतीला ताप आलाय का ते बघतात. थट्टा करत नाही. चपला उंबऱ्याबाहेर काढून सरळ आत येतात आणि हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला उलटा हात लावून, डोळे मिटून उभ्या राहतात. आम्ही चहा घेत असलो तर कप हातात धरून गप्प बसतो, कारण त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. मग निकाल येतो.

"तापलंय रं सुरेश. ब्यासिगी शिरली घरात."

ब्यासिगी म्हणजे उन्हाळा. आक्कांचं माहेर सदलग्याचं. त्या भांडतात मराठीत, पण ऋतू त्यांना कानडीतच येतात.

एकदा निकाल लागला की घर आमचं राहत नाही. गालिचा गुंडाळून माळ्यावर जातो. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला जातो, कारण "भितीला बी वारं लागाय पाहिजे." उशांचे मखमली अभ्रे उतरतात आणि मांजरपाटाचे पांढरे चढतात. कोपऱ्यात मातीची घागर येते, तिच्यात वाळ्याची जुडी. बाजारातून काही आणायचं नाही हा कडक नियम. माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा नवीन चादरींचं नाव काढलं तर आक्का तिच्यावरच उखडल्या. "घरात असतंय गं समदं. बघाय डोळं लागत्यात."

ह्या सपाट्यातून मीही सुटलो नाही. मी पतसंस्थेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालो तेव्हा मला लाल मखमलीच्या चौकटीत मानपत्र मिळालं होतं. आक्कांच्या मते लाल रंग ऊन धरून ठेवतो. त्यामुळे पाडव्यापासून मृगापर्यंत ते न्हाणीघराच्या बोळात टांगलेलं असतं. त्यात 'कर्तव्यकठोर' असा एक शब्द आहे, तो नेमका बादलीच्या वर येतो.

पण आक्कांची खरी करामत पडद्यांत. आमच्या सीमाभागातल्या शहापुरात अजून माग चालतात. विणताना एखाद्या साडीचा काठ चुकतो, कुठे रंगच भलता लागतो. अशी साडी गिऱ्हाईक घेत नाही. आक्का गल्लीबोळ फिरून ती मागून आणतात, मागे जुन्या धोतराचं अस्तर लावतात आणि पडदा शिवतात. चुकलेला भाग कापून टाकावा की नाही? तर तो त्या बरोबर मधोमध घेतात. "चूक लपवाय गेलं की दिसतीया. मधी घातली की नक्षी हुतीया."

सगळेच प्रयोग साधतात असं नाही. आक्कांचे यजमान निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होते. ते गेल्यावर आक्का इथे राहायला आल्या, मूलबाळ नाही, सामानात वखारीतली पन्नासेक रिकामी पोती. एका वर्षी त्यांनी ती पोती आमच्या नि त्यांच्या गॅलरीला बांधून वर पाणी मारलं. वाळ्याच्या ताट्या परवडत नाहीत तर पोत्याच्या करू, असा विचार. पोती भिजली, वारा सुटला आणि अर्धी गल्ली शिंकायला लागली. समोरच्या मारुतीच्या देवळात आरती चालली होती, ती पुजाऱ्याला तीनदा पहिल्यापासून सुरू करावी लागली. मी नाकाला रुमाल लावून आक्कांना सांगायला गेलो, तर त्या गॅलरीत पोत्याला टेकून निवांत बसलेल्या.

"मला कुठं काय हुतंय? चाळीस वर्षं ह्योच वास संध्याकाळी घरला यायचा."

ह्या सगळ्या कामाचा मोबदला त्या घेत नाहीत. साधा चहासुद्धा शिवण संपल्यावरच. अट एकच, आणि ती त्या दरवर्षी दारात उभ्या राहून बजावून जातात. "कुणी इचारलं कुणी केलं, तर माझं नाव सांगायचं. इसरायचं न्हाय."

आम्ही हसत हो म्हणायचो. विचारणार कोण? आमच्याकडे येऊन-जाऊन येणार दूधवाला आणि सुनंदाची मावशी.

मागच्या उन्हाळ्यात मात्र विचारणारं माणूस आलं. आमच्या मुलीला, मधुराला, बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते. मुलाची आई कॉलेजात शिकवणारी, त्यांच्या घराचे फोटो मधुरानं मोबाइलवर दाखवले होते. मी म्हटलं, नवीन पडदे घेऊ. पण आक्का चार दिवस आधीच कामाला लागल्या होत्या. हिरव्या साडीचे दोन पडदे, मधोमध चुकून विणला गेलेला केशरी पट्टा. मला ते बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सुनंदाला म्हटलंसुद्धा, पाहुण्यांना वाटेल आपल्याला खिडकीपुरतं सरळ कापड मिळत नाही.

पाहुणे दुपारी आले. बाहेर रणरणतं ऊन आणि हॉलमध्ये हिरवा, गार उजेड. मुलाची आई दारातच थांबली. खिडकीकडे बघत राहिली. मग जवळ जाऊन पडदा हातात घेतला.

"किती सुंदर! तो केशरी पट्टा तर... कुठून आणले हो?"

त्या क्षणी आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पन्ह्याचा ट्रे. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना इस्त्रीच्या साडीत पहिल्यांदा बघत होतो. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर आधीच हसू आलेलं होतं.

मी म्हणालो, "कोल्हापूरला एक मोठं शोरूम आहे. तिथून मागवले. थोडे महाग पडले, पण म्हटलं एकदाच घ्यायचे."

का म्हणालो? आज वर्ष झालं, मी स्वतःला विचारतोय. शेजारच्या बाईनं टाकाऊ साडीतून शिवून दिले म्हणायला मला लाज वाटली, एवढंच त्याचं उत्तर आहे. मधुरानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आता आक्का काहीतरी बोलणार आणि माझी शोभा होणार, म्हणून मी जमिनीकडे बघत बसलो.

आक्का बोलल्या. "लई महाग. मी म्हटलं बी ह्याला, एवढं कशाला घालवतोस? पर हौस दांडगी ह्याला."

आणि शांतपणे पुढे येऊन त्यांनी सगळ्यांना पन्हं दिलं.

ह्यावर तरी मी गप्प बसायचं होतं. पण मुलाच्या आईनं विचारलं, "ह्या कोण?" आणि मी म्हणालो, "शेजारी असतात. कामाला मदत म्हणून बोलावलंय." मग मुलाच्या आईनं रिकामा पेला आक्कांच्या हातात दिला, स्वयंपाकाच्या बाईला देतात तसा, आणि आक्कांनी तो घेतला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दारावर टकटक झाली. आक्का. मी मनात माफीची जुळवाजुळव करत दार उघडलं.

"सुरेश, दुकानाचं नाव काय सांगितलास? मी आत हुते तवा म्हटलास काय? उद्या त्या मला इचारतील, तर माझं येक नि तुझं येक नको हुयाला."

मी म्हटलं, नाव नाही सांगितलं. "बरं केलास," म्हणाल्या आणि गेल्या. माफी मागायची राहिलीच. दार लावून वळलो तर मधुरा समोर. ती चपला घालून आक्कांकडे निघून गेली.

लग्न ठरलं. पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन आला. लग्नाआधी घर जरा नवं करायचंय, त्या शोरूममधून तसेच दोन पडदे आमच्यासाठी मिळतील का? मी "बघतो, बघतो" करत फोन ठेवला. सुनंदा म्हणाली, आता तरी खरं सांगा. मी दोन दिवस घरातल्या घरात फेऱ्या मारल्या आणि शेवटी आक्कांकडे गेलो, खाली मान घालून.

आक्का मशीनवर बसल्या होत्या. निळी साडी, मधे पिवळ्या धाग्याची चूक. अर्धा पडदा शिवून झालेला.

"मागणार हे ठाऊक हुतं मला. बाईचं डोळं बघितलं न्हवं मी? म्हटलं आधीच करून ठिवावं, तुझी वढाताण नको."

चार दिवसांनी त्यांनी घडी घातलेले पडदे आणून दिले आणि एक कोपरा उलटून दाखवला. तिथे एक लहानसं रेशमी लेबल टाचलेलं होतं. "शोरूमचं म्हटल्यावर लेबल नको? आमच्यात कोल्हापूरचं येकच हुतं."

लेबल इंग्रजीत होतं. आक्कांची शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. मी वाचलं. कोल्हापूरच्या एका शिंप्याचं नाव आणि खाली 'सूट आणि सफारी स्पेशालिस्ट'. मला हसू फुटणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ह्यांच्या कोटाचं हाय. लग्नात शिवलेला, येकदाच घातलेला. आता कोटाला लेबल असलं काय, नसलं काय."

पुण्याला जाताना बसमध्ये माझ्या खिशात ब्लेड होतं. लेबल उसवायचं आणि सांगायचं की पडून गेलं असेल, असा बेत. कराड गेलं, सातारा गेलं. दोनदा पिशवी उघडली. टाके इतके बारीक होते की उसवताना पडदाच फाटला असता, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे हात धजला नाही.

विहीणबाईंनी पडदे उलगडले, खूश झाल्या आणि मग कोपरा दिसला. चष्मा लावून त्यांनी वाचलं. "अहो, हे तर सुटाचं लेबल आहे! पडद्याला कसं?"

मग मात्र मी सगळं सांगितलं. साडी, काठ, पन्हं, पेला, कोट. एवढ्या वयाचा माणूस मी, त्यांच्या नव्या सोफ्यावर कडेला बसून शाळेतल्या पोरासारखी कबुली देत होतो.

विहीणबाईंनी पडदा घडी करून मांडीवर घेतला. "मी त्यांच्या हातात उष्टा पेला दिला हो," एवढंच म्हणाल्या. मग कागद-पेन घेऊन आल्या. "मला पत्र लिहायचंय त्यांना. काय नाव त्यांचं?"

"आक्का," मी म्हणालो. त्या पेन धरून पुढच्या नावाची वाट बघत होत्या.

आक्का. गेली बारा वर्षं आक्का. वाण्याच्या आक्का, देवळाच्या आक्का, अख्ख्या गल्लीच्या आक्का. नाव सांगायचं, इसरायचं न्हाय, असं दरवर्षी त्या बजावत होत्या आणि दरवर्षी मी हो म्हणत होतो. ते नाव मला माहीतच नव्हतं. मी घरी फोन लावला. सुनंदालाही आठवेना. शेवटी मधुरानं फोन घेतला.

"सुशीला," ती म्हणाली. "सुशीला बाबगोंडा पाटील. तुम्ही कधी विचारलं नाही, बाबा."

विहीणबाईंनी नाव लिहून घेतलं.

परत आलो तो घरी न जाता आधी आक्कांच्या दारात गेलो. त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मी चपला काढल्या, समोर खाली बसलो आणि म्हटलं, "आक्का, चुकलो मी. लई चुकलो. पुण्यात सगळं खरं सांगून आलोय. तुमचं नावही सांगितलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कंचं?"

"कंचं म्हणजे? सुशीला."

"ते सासरचं. लग्नात ठिवलेलं." त्या जरा थांबल्या. "असू दे. ते बी माझंच हाय."

"मग माहेरचं काय?"

आक्कांनी गल्लीत इकडे-तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. तरीही आवाज खाली आणून म्हणाल्या, "चंपा." आणि पदर तोंडाला लावून, सूप तिथंच टाकून, आत पळाल्या.