चौकातली ट्रायल

टेलरकाकू सायकल चालवायला शिकल्या होत्या. उतरायला अजून शिकायच्या होत्या.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितली, तेव्हा घरात हशा पिकला होता. "या वयात?" सूनबाई म्हणाली. "आणि पडलीस म्हणजे?" काका म्हणाले.

"पडले तर उठेन," काकू म्हणाल्या आणि पदरमोड करून जुनी सायकल घेऊन आल्या. जन्मभर पायानं शिलाई मशीन चालवली, पण ती कधी जागची हलली नाही. ही हलत होती, याचंच त्यांना केवढं अप्रूप! अडचण फक्त ब्रेकची होती. पुढचा त्यांनी एकदाच करकचून दाबला आणि हँडलवरून थेट कुंपणात गेल्या. तेव्हापासून दारातल्या पायरीवरून चढायचं, आणि उतरायच्या वेळी काकांनी मागून सीट धरायची, असं ठरून गेलं होतं.

त्या सकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा कोट पोहोचवायचा होता. बाईंचं शाळेत भाषण होतं. काका स्कूटरवरून नेणार होते, पण ते अंघोळीला गेलेले.

"अहो, उशीर होतोय!"

"आलोच!" आतून आवाज आला.

हे 'आलोच' काकू लग्नापासून ऐकत होत्या. त्यांनी कोट पुढच्या टोपलीत टाकला आणि पायरीवरून सायकल लोटली. सीट कोण धरणार, हे त्यांच्या लक्षात आलं ते वळणावर.

बाई शाळेच्या फाटकाशी वाटच बघत होत्या. "काकू, इथे! अहो काकू, थांबा!"

"तेच तर जमत नाही!" असं ओरडत काकू समोरून निघून गेल्या. बाईंनी चपला सावरल्या आणि कोटामागे धावत सुटल्या.

पुढे चौक. हवालदारानं हात आडवा केला.

"बाजूला व्हा! थांबता येत नाही हो!"

तो आवाज ऐकून हवालदाराला वाटलं, कुणाच्या तरी जिवावर बेतलंय. त्यानं चारही बाजूंची वाहनं रोखली. काकूंना मोकळा चौक मिळाला, पण सरळ जायचा धीर होईना. त्या मधल्या बागेभोवती गोल फिरू लागल्या.

पहिल्या फेरीत काकूंनी हँडल घट्ट आवळून धरलं होतं. धापा टाकत पोहोचलेल्या बाईंनी टोपलीतला कोट ओढून घेतला. पुढच्या फेरीला तो त्यांच्या अंगात होता.

"बाही लांब वाटतेय!" बाई ओरडल्या.

काकूंच्या आतली शिंपीण जागी झाली. "हात खाली सोडा!" एवढं सांगून त्या गेल्या. वळून आल्या. "खांदा वर उचलून बघा!" पुन्हा गेल्या. "आता पाठ दाखवा! झकास बसलाय! पाठीवर टाचणी राहिलीय तेवढी काढा!"

अडकलेल्या गाड्यांतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाई भाषणाला पळाल्या. काकूंच्या मग ध्यानात आलं, की आपल्याला भीती वाटायची केव्हाच थांबली आहे. गुडघे तर आठवलेसुद्धा नव्हते. छाती भरून श्वास येत होता, आणि फार दिवसांनी मोठ्यानं हसावंसं वाटत होतं. त्या हसल्या आणि आणखी एक फेरी घेतली.

एवढ्यात ओल्या केसांनी काका स्कूटरवरून आले. स्कूटर कडेला लावून हात पसरून धावले. "घाबरू नकोस! मी धरतो!"

"हात लावू नका!" काकू म्हणाल्या. पॅडल मारायचं थांबवलं, मशीनच्या चाकावर ठेवावीत तशी अलगद बोटं मागच्या ब्रेकवर ठेवली. सायकल मंदावली, डुलली, थांबली. काकूंचा पाय जमिनीवर होता.

हवालदारानं घाम पुसला आणि वाहनं सोडली.

"बरी आहेस ना?" काकांनी हँडल धरलं. "पुरे झालं आता. सायकल मी नेतो घरी."

"न्या की. पण मग स्कूटर कोण आणणार?"

काकूंनी स्कूटरला एक प्रदक्षिणा घातली, सीटवरची धूळ हातानं झटकली आणि म्हणाल्या,

"ही थांबते कशी, तेवढं मात्र आधी सांगा."