कासारखान्याच्या तांबड्या रकान्याची बखर

श्रीगणराय बुद्धी देवो, शारदा आकडे सांभाळो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी या राज्याचे वैभव ऐसे की, शेजारची राज्ये कारभाराचे हालहवाल तोंडी पुसत आणि आमचे महाराज तक्त्यात पाहत. हे कर्तृत्व दिवाण सखोपंतांचे. त्यांनी संगणकयंत्रास अट घातली की, मागील महिन्याहून आकडा चढला तर रकाना आपोआप हिरवा व्हावा आणि उतरला तर तांबडा, आणि मग महाराजांनी नुसती नजर फिरवावी, हिरव्यास मानाची वस्त्रे द्यावी, तांबड्याचे काम काढून घ्यावे. ऐसी सोय दुसऱ्या कोण्या दरबारी नव्हती, हे आम्ही छातीठोक लिहितो.

त्या महिनी सारा तक्ता हिरवागार आणि मध्ये एकच रकाना तांबडा: कासारखाना, वाढलेल्या बांगड्या. मागील महिनी नऊशे, या महिनी दोनशे. आता बांगडी फुटली म्हणणे अशुभ, म्हणून कासारखान्यातून वाढली ऐसेच लिहून येई, आणि यंत्रास ही रीत कोणी शिकविली नव्हती. मग कासारखान्याच्या मुख्य भिवराबाई यांस हुजुरात बोलाविले आणि पंत गरजले, "बाई, वाढ खुंटली. कारखान्याच्या किल्ल्या ठेवा." बाईंच्या तीन पिढ्या त्या भट्टीवर जगलेल्या. त्या संतापून म्हणाल्या, "भट्टीची आच मी सुधारली, पेट्यांतले गवत काढून कापूस घातला, आणि वर माझ्याच किल्ल्या मागता?" आणि हात ऐसा झटकिला की तो खांबास आपटला आणि बांगडीचे तुकडे खळकन् खाली आले. पंत मोठे रीतीचे, सवयीने बोलून गेले, "अरेरे, बाई, बांगडी वाढली!"

मग बाई म्हणाल्या, "वाढली ना, पंत? दोनशे एक झाल्या. आणखी सातशे अशाच वाढविते, म्हणजे तरी रकाना हिरवा होईल ना?"

प्रथम महाराज हसले, मग पंतही खो खो हसले, आणि तेथल्या तेथे त्यांनी यंत्रास नवी अट घातली की, आकडा वाढणे बरे की वाईट हे आधी पाहावे आणि मगच रंग द्यावा. बाईंचा रकाना हिरवा जाहला, मानाची वस्त्रे मिळाली, किल्ल्या कमरेसच राहिल्या.

सारांश, चूक भर दरबारी हसून सुधारिती ऐसे दिवाण आमच्याच राज्यी. पंतांची जुनी अट त्याच दिवशी वाढली. कैसी वाढली, ते बांगडीस पुसावे.