सृष्टीला मरायला जागा मिळेना

सृष्टीनं खोलीचं दार लोटलं, पंखा बंद केला, मोबाईल उशीला टेकवून उभा केला आणि घसा खाकरून ती ठामपणे म्हणाली, "विष माझ्या नसांत उतरलंय. मी मरतेय. पण हा निर्णय माझा आहे."

दार धाडकन उघडलं. हातात तूर पाखडायचं सूप घेऊन कडूबाई आत्या उभ्या होत्या.

"काय उतरलंय?"

"काही नाही आत्या. ॲनिमेचे डायलॉग म्हणायलीय."

हे 'काही नाही' तीन आठवडे चाललं होतं. सृष्टी शिकायला धाराशिवला, सुट्टीला सास्तूरला, आणि बाकी सगळा वेळ 'धाराशिव ॲनिमे कट्टा' या ग्रुपवर असायची. कट्ट्यावर सध्या एकच विषय होता. 'दोन दीपगृहं' ही नवी ॲनिमे मालिका एका शेकडो वर्षं जुन्या शोकांतिकेवर बेतलेली होती. दोन दीपगृहं, ती सांभाळणारी दोन वैरी घराणी, एक मुलगा, एक मुलगी, आणि शेवटी दोघंही मेलेली. कट्ट्यावरच्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता, पण दीपगृहाचा जिना कसा चढावा याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत होतं.

खरं भांडण नायिकेच्या मरणावरून होतं. कट्ट्यावरच्या शिवप्रियाचं म्हणणं, मूळ कथेत ती रडत रडत मरते, तर इथंही रडलीच पाहिजे. सृष्टीचं म्हणणं, ॲनिमेतली नायिका वेगळी आहे. ती वादळात एकटी दिवा सांभाळते, ती रडणार नाही, ठरवून मरेल. शेवटी ग्रुपचा कर्ता रणधीर वैतागला. त्यानं फर्मान काढलं, की शेवटचा भाग आपण मराठीत आवाज देऊन करू. ज्यांना नायिका व्हायचंय त्यांनी मरणाचे संवाद आपल्या आवाजात रविवारी पाचच्या आत टाकावेत, ग्रुप मत देईल. आज तो रविवार होता. सृष्टी हरली असती, तर मराठीत ती नायिका कायमची रडकी झाली असती. आणि हे सृष्टीला अजिबात मान्य नव्हतं.

"घरात असलं बोलू नगं," आत्या म्हणाल्या. "वास्तू तथास्तु म्हणती."

"आत्या, मी कुठं मरायलीय? ती जपानी पोरगी मरती."

"वास्तूला जपानी काय कळतंय? आवाज तर तुझाच हाय नव्हं?"

त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं घर डोळ्यांदेखत बसलेलं पाहिलेल्या माणसाशी घराच्या स्वभावावर वाद घालू नये, एवढं सृष्टीला कळत होतं. या नव्या घराची वास्तुशांत आत्यांनी दोनदा करून घेतली होती.

"इख कशाला प्यायचं पर?" आत्यांनी मधला मार्ग काढला. "काढा पिली म्हण. आन मरते नगं, बरी व्हते म्हण."

सृष्टीनं मोबाईल उचलला आणि ती गोठ्यात गेली. तिथं शांतता होती. गाय तेवढी तिच्याकडे बघत होती. सृष्टीनं तिच्याकडे पाठ केली आणि सुरुवात केली. 'नसांत उतरलंय'पर्यंत पोचते तोच कडब्याची पेंडी घेऊन बलभीम, म्हणजे तिचे पप्पा, आत आले.

"गाय आज-उद्या व्यायला झालीय, आन तू तिच्या कानाशी मरणाचं बोलायलीस?"

"पप्पा, तिला कुठं कळतंय?"

"तिला सगळं कळतंय. तुलाच कळंना. हो भायेर!"

सृष्टी बाहेर झाली, पण हरली नाही. कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं होतं, की भरलेल्या पोत्यांच्या खोलीत आवाज फार स्वच्छ येतो. तशी खोली गावात एकाकडेच होती. विरुपाक्ष अण्णांच्या किराणा दुकानामागचं गोदाम. घाईत माणूस मुद्द्याचं तेवढंच बोलतो, तशी ती बोलली.

"अण्णा, मला पाच मिनिटं मरायला जागा पाहिजे."

अण्णांच्या हातातलं साखरेचं माप तराजूवरच राहिलं. मग सृष्टीनं त्यांना दीपगृहं, वैर, प्रेम, विष, सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हे बघ बाळा, तेल संपलं तरी आमी 'संपलं' म्हणत न्हाय, 'उद्या येतंय' म्हणतो. रातच्याला दुकान बंद करत न्हाय, वाढवतो. तितं तू मरणार? ऐन गिऱ्हाइकाच्या टायमाला?"

"पण अण्णा, खोटं खोटं..."

"आन ते इख कुठलं हाय?"

"गोष्टीतलं."

"हां. आमच्या दुकानातलं न्हाय, एवढं ध्यानात ठिव."

पावणेपाच होत आले होते. सृष्टी दुकानाबाहेर उभी राहून विचार करू लागली. जिथं जिथं जिवंत माणसं राहतात, खातात, विकतात, तिथं तिथं मरायची बंदी होती. म्हणजे मरायचं, तर जिथं सगळे मरूनच येतात तिथंच जायला हवं होतं. पोरीबाळींनी स्मशानात जायची गावात रीत नव्हती, पण रीत पाळली असती, तर नायिकेनं वैऱ्याच्या पोरावर प्रेम तरी कशाला केलं असतं? तिनं ओढणी कमरेला खोचली आणि झपाझप चालू लागली.

अण्णांनी तिला त्या वाटेला लागलेलं पाहिलं आणि लगेच बलभीमला फोन लावला. "बलभीम, पोरगी मरायला जागा हुडकायली व्हती. आता मसनवाट्याकडं गेली. आमी तिला कायबी दिलं न्हाय बरं का!"

स्मशानात पत्र्याची शेड होती. तिच्याखाली आवाज असा काही घुमत होता, की सृष्टी मनातून खूश झाली. मोबाईल कठड्यावर ठेवून ती ताठ उभी राहिली.

"विष माझ्या नसांत उतरलंय."

पप्पांची मोटारसायकल पुरती थांबायच्या आत आत्या मागच्या सीटवरून उतरल्या.

"मी मरतेय."

"मरतील तुझे दुश्मन!"

दुसरी कुणी असती तर थांबली असती. पण पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता, आणि नायिकाही थांबली नसती. सृष्टीनं एक हात वर करून आत्यांना अडवलं.

"हा निर्णय माझा आहे. मला अडवू नका."

"अडवू नगं म्हंजी? म्या जित्ती हाय अजून!"

"माझ्यासाठी कुणी रडायचं नाही."

"कोण रडायलंय? हाडं मोडीन तुझी!"

पाच वाजत होते. सृष्टीनं आहे तसं रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

घरी आल्यावर आत्यांनी स्वतःसकट तिघांनाही अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं. सृष्टी केस पुसत असताना रणधीरचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"सृष्टी, ग्रुप पार पेटलाय! मधी वरडती ती बाई कोण?"

"माझी आत्या."

"दाई मिळाली आपल्याला! नायिकेची म्हातारी दाई. सगळ्यांची मतं तिलाच."

"आणि नायिका?"

"नायिका शिवप्रिया. लई भारी रडलीय ती. तुझं बी चांगलंय, पर आत्यापुढं ऐकूच येईना."

सृष्टीला फार वाईट वाटलं. तीन आठवडे ती एकटी भांडली होती, गावभर हाकलून घेतलं होतं, आणि आता खरोखर रडू येत होतं. रडू येतंय म्हणून स्वतःचाच रागही येत होता. आत्यांनी तिच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि फोन ओढून घेतला.

"ही दाई म्हंजी कोण?"

"पोरीला लहानाची मोठी केलेली, आत्या."

"मग पोरगी इख पिती तवा ही कुठं असती?"

"खाली... जिन्यात झोपलेली असती."

"झोपलेली?" आत्यांचा आवाज चढला. कट्ट्यावर कुणीच हा प्रश्न काढला नव्हता. "बरं. म्या बोलते दाईचं. पर ती शिवप्रिया कुणाची पोर?"

"इथल्या एका वकिलांची."

"मग जमायचं न्हाय. परक्याचं लेकरू माझ्या देखरेखीत मेलं, तर उद्या तिच्या आईला काय तोंड दावू म्या? मरायचंच आसंल तर आमची सृष्टी मरंल. घरची हाय. म्या बघून घीन."

पलीकडे कट्ट्यावरच्या पोरांची आपसात खुसफूस झाली. मग रणधीर म्हणाला, "दाई सोडता येणार न्हाय. ठीकाय. सृष्टीला मरू द्या."

बलभीमनं कपाळावर हात मारला. सृष्टी तोंडाचा आ करून आत्यांकडे बघत राहिली, आणि मग आनंदानं तिचे डोळे भरून आले. आत्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"हे बघ पोरी," त्या तूर पाखडत म्हणाल्या, "मरताना रडलीस, तर माझ्याशी गाठ हाय."