अर्ध्या इंचाची मदत

चाळीस वर्षं मी कात्री चालवली, पण माझं माप एकदाही चुकलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. (एकदा चुकलं. एका नवरदेवाच्या कोटाची डावी बाही दोन इंच आखूड झाली. मी त्याला म्हणालो, ‘दिवसभर हात कमरेवर ठेवून उभा राहा, रुबाबदार दिसशील.’ बिचारा राहिला. फोटोत तो लग्नाला उभा आहे की भांडायला, ते अजून कोणाला कळलेलं नाही.) दुसऱ्यांदा चुकलं ते घरातच, आणि त्याचीच ही हकिगत.

आमच्या घरात माणसं चार. एक मी, शिक्षण सातवी, तेही मास्तरांच्या कृपेनं. दुसरी माझी बायको. तिनं दुकानात चाळीस वर्षं माझ्यासोबत काजं-बटणं केली आणि गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू कधी टाचली, कधी उसवली. तिसरा आमचा मुलगा. तो वाचनालयात नोकरीला आहे आणि चारी बाजूंनी सारखाच गोल आहे, म्हणून मी त्याला ‘रीळ’ म्हणतो. चौथी त्याची बायको, शाळेत चित्रकला शिकवते. ती आडवी उभी राहिली की दिसत नाही, म्हणून ती ‘सुई’. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सुई-दोऱ्याच्या या संसारात टाका काही पडत नव्हता. आजोबा व्हायची मला अजिबात घाई नव्हती, असं मी सगळ्यांना सांगायचो. (माझ्या मशीनच्या खणात मी सात झबली शिवून ठेवली होती. हे कोणाला बोलू नका.)

शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, उपचार करू, पण आधी तीन महिने शरीर तयार करा. नांगरल्याशिवाय पेरणी करतं का कोणी? सुईला अडतिसावं लागलेलं, तेव्हा घाबरायचं नाही, पण वेळही दवडायचा नाही. तयारीचा कागद फ्रिजवर चिकटला. रीळनं सात किलो उतरवायचे, सुईनं चार किलो चढवायचे. (मी म्हणालो, ‘मग तुमच्यातल्या तुमच्यातच बदली करून टाका की.’ कोणी हसलं नाही.) सिगारेट बंद. चहा दिवसाला एक. दहाला झोप. रोज पाऊण तास चालणं. रीळनं कढत पाण्यात बसायचं नाही, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा नाही. आणि सगळ्यात खाली : पुरुषानं घट्ट कपडे घालू नयेत.

हे शेवटचं वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. एवढ्या मोठ्या कागदात माझ्या खात्याचं एकच कलम होतं! आणि रीळच्या झाडून सगळ्या पँटी मीच शिवलेल्या. बेतशीर. पोटाला कडेवर घेतल्यासारख्या. आमच्या घरात पट्टाही नाही. शिंप्याच्या मुलाच्या कमरेला पट्टा म्हणजे आचाऱ्याच्या मुलानं बाहेर जेवण्यासारखं.

आता ‘तुझ्या पँटी घट्ट आहेत’ असं त्याला सांगायचं म्हणजे माझंच माप चुकलं असं कबूल करायचं. त्यापेक्षा गुपचूप केलेलं बरं. मी प्रत्येक पँटीत मागच्या शिवणीला तीन इंच माया ठेवलेली असते, म्हणजे पुढंमागं सैल करायला जास्तीचं कापड. दुपारी दोघं कामावर गेली, बायको शेजारी गेली, तशी मी शिवण उसवली, अर्धा इंच सोडला, टीप मारली, इस्त्री फिरवली. मला कोणाची खोडी काढायचीच नव्हती. शपथेवर सांगतो. खोडी नंतर आपोआप निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून आरोळी आली.

“आई! अगं पँट सैल झाली!”

पंधरा दिवस चेहरा पाडून काकडी चावणारा माझा मुलगा दारात उभा होता. कमरेत चार बोटं घालून दाखवत होता. दहावी पास झाला तेव्हासुद्धा तो एवढा हसला नव्हता. (तेव्हा त्यालाही खात्री नव्हती.)

“इतक्यात?” बायको म्हणाली.

“चालण्याचा परिणाम!” रीळ म्हणाला. “बाबा, बघा.”

मी बघितलं. आता मला सांगा, अशा वेळी खरं बोलणाऱ्या बापाला कसाई म्हणायला नको? मी म्हणालो, “वा! गाल पण बसलेत.”

पण त्याच टेबलाशी सुई दोन उकडलेल्या अंड्यांकडे बघत बसली होती, परीक्षेच्या पेपरकडे बघावं तशी. “याचं उतरलं,” ती हळूच म्हणाली. “माझं काहीच चढत नाही.” घरातला वजनाचा काटा तर डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांकडे ठेवला होता. सुई दिवसातून पाच वेळा त्यावर चढायची आणि सहाव्यांदा रडायची. बाई म्हणाल्या, रोज काटा बघून जिवाला घोर लावून घेऊ नका, दीड महिन्यानं या, इथंच मोजू.

काटा नाही, म्हणजे खरं-खोटं ठरवणार कोण? कपडे. आणि कपडे कोणाच्या हातात? त्या दुपारी मी सुईचे तीन ड्रेस कमरेत अर्धा अर्धा इंच आत घेतले.

“बाबा!” दोन दिवसांनी ती बाहेर आली, श्वास रोखून. “मला हा ड्रेस दाटतोय!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सासूला मिठी मारली. मला वाटलं, देवानं मला ही विद्या उगाच नाही दिली.

मग काय, मांजराला दुधाची वाट दाखवायला लागत नाही. दर बुधवारी दुपारी माझा कारखाना चालू. रीळला अर्धा इंच बाहेर, सुईला पाव इंच आत. घर कसं फुललं! रीळ शीळ घालायला लागला. सुई गुणगुणायला लागली. फक्त बायको एकदा केरसुणी हातात घेऊन म्हणाली,

“अहो, मशीनखाली हे दोऱ्याचे तुकडे कसले?”

“जुनी उशी उसवली.”

“उशी गुलाबी होती?”

“आतून,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मी घाबरायला हवं, हे चाळीस वर्षांत शिकायला हवं होतं. पण सातवी म्हणजे सातवीच.

एक गोष्ट मात्र माझ्या अडाणी डोक्यात शिरली नाही. माणसाचं काम न करता झालं, तर तो कशाला करेल? रीळ पाऊण तासाचा अर्धा तास चालू लागला, मग पंधरा मिनिटं, मग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. “एवढं उतरलंय, एक पेस्ट्री चालते,” म्हणायचा. आणि सुई दुसरं अंडं परत ढकलायची. “नको आई. जास्त चढलं तर बाई रागावतील.”

सहाव्या आठवड्यात वाचनालयात ते घडलं. रीळ शिडीवर चढून वरच्या फळीवर ज्ञानकोशाचे खंड लावत होता. दोन्ही हातांत चार खंड. खाली तीस-पस्तीस वाचक, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. टाचणी पडली नाही. पँट पडली. आणि हातांतलं ज्ञान सोडता येईना, म्हणून तो तसाच उभा राहिला, तळच्या वाचकांना एक नवाच विषय उघडून. म्हणे एका म्हातारीनं नुसता चष्मा पुसला आणि पुन्हा वर बघितलं.

तुम्हाला वाटेल, घरी येऊन तो तोंड लपवून बसला असेल. छे! तो नाचत आला. केक घेऊन आला.

“बाबा, पँट घसरली! कमरेवर राहिलीच नाही! इतका मी उतरलो!”

मीही केक खाल्ला. एकच तुकडा. (एक सोडून बाकीचे रीळनं खाल्ले.)

दोन दिवसांनी दवाखाना. मी हौसेनं सोबत गेलो. कौतुक ऐकायला. रीळ काट्यावर चढला, तेसुद्धा मिशीवर ताव देत. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, कागद बघितला, पुन्हा आकडा बघितला.

“तुमचं तीन किलो वाढलंय.”

“काटा बिघडलाय,” रीळ म्हणाला.

मग सुई चढली. दीड किलो कमी.

“दोन्हीकडून बिघडलाय,” रीळ म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्या हसतच नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, मी चमत्कार करत नाही. तुम्ही तुमचं काम केलंत तर मी माझं करीन. उपचारांची ठरलेली तारीख आता रद्द. पुन्हा पहिल्यापासून तीन महिने.”

येताना गाडीत सुई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं फक्त एकदा म्हटलं, “तोवर मला एकोणचाळिसावं लागेल.”

घरी आल्यावर ती खोलीत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली ती हातात ड्रेस घेऊन. ड्रेस उलटा केलेला होता. चित्रकला शिकवणारी बाई ती, रेघ ओळखणारच.

“बाबा, ही टीप नवीन आहे.”

मी म्हणालो, “चांगली आहे की.”

“बाबा!”

रीळनं पँट सोडली, उलटी केली, आणि अंडरवेअरवरच माझ्यासमोर उभा राहिला. “अडीच इंच? बाबा, अडीच इंच? मी पस्तीस माणसांसमोर...”

“तुझ्या भल्यासाठी,” मी म्हणालो. “कागदावर लिहिलंय. घट्ट कपडे नकोत.”

“आणि माझे?” सुईनं विचारलं. “माझे कोणत्या कागदावर?”

ती तरातरा मशीनकडे गेली, बाकीचे ड्रेस शोधायला म्हणून खण ओढला, आणि थांबली. खणात झबली होती. तिनं एक उचललं, तळहातावर ठेवलं. तिच्या तळहाताएवढंच होतं ते.

“हे कोणाचं?”

“गिऱ्हाइकाचं.”

“कोण गिऱ्हाईक?”

“अजून आलेलं नाही,” मी म्हणालो.

मग सुई खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले, तेही झबल्यानंच. रीळ म्हणाला, “बाबा, यातलं एक माझ्या मापाचं करा. पँटीपेक्षा तेच कमरेवर टिकेल.”

न्यायनिवाडा बायकोनं केला. काटा शेजारून परत आला, पण त्यावर चढायचं आठवड्यातून एकदाच, तिच्यादेखत. मशीनला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. आणि शिक्षा : उद्यापासून मी रोज सकाळी रीळसोबत पाऊण तास चालायचं. “तो बेकरीकडे वळला तर तुम्ही ओढायचं, तुम्ही वळलात तर त्यानं.”

चाललो. सत्तराव्या वर्षी, पोरानं माझा हात धरला होता की मी त्याचा, कोण जाणे. आणि कर्म बघा! पंधरा दिवसांत माझीच पँट मला दाटायला लागली. मी बिस्किटं सोडली. पँट दाटतेच. मी साखर सोडली. पँट दाटतेच. मला वाटलं, म्हातारपणी वारा भरत असेल अंगात. मी चाल वाढवली. रीळला माझ्यामागे धापा टाकत पळावं लागायचं. सुईला खाताना सोबत हवी म्हणून बायको तिच्यासोबत जेवायला बसू लागली, अंडं तिच्या ताटात आणि टोमणे माझ्या.

तीन महिन्यांनी रीळ आठ किलो उतरला होता. सुई साडेचार चढली होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या, थोड्याच, खर्च होऊ नये अशा. उपचार सुरू झाले. पहिल्या खेपेला जमलं नाही. त्या दिवशी घरात कोणी थट्टा केली नाही, मीसुद्धा नाही. सकाळी आम्ही चालायला मात्र गेलो, चौघंही.

दुसऱ्या खेपेनंतर चार महिने गेले. एका दुपारी सुई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात तो गुलाबी ड्रेस.

“बाबा, कमरेत सैल करायचाय.”

मी दोन्ही हात वर केले. “शपथ घेतो, मी हात लावलेला नाही! मशीनला कुलूप आहे!”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि पोटावर हात ठेवून हसली. “या वेळी शिवण तुमची नाही.”

बायकोनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी ड्रेस उसवायला बसलो. डोळ्यांपुढं धुकं होतं, सुईत दोरा चार वेळा चुकला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “सगळ्यांचं भलं झालं. माझंच नशीब फुटकं. एवढं चाललो, बिस्किटं सोडली, साखर सोडली, पण ही पँट काही सैल होत नाही. माझं पोट हट्टी आहे.”

“तुमचं पोट केव्हाच उतरलंय,” बायको म्हणाली. “जितकं उतरायचं तितकी मी पँट आत घेत होते, म्हणजे तुमचं चालणं थांबायला नको. चाळीस वर्षं शिंपी होतात ना? एकदा तरी उलटी करून बघायची होतीत.”